दिसलं म्हणे!

रविवार, संध्याकाळ

चहात साखर कमी होती. हा अन्याय मी निमूट गिळला, याची नोंद असावी.

तेवढ्यात लेकीचा, सानियाचा फोन. विमान चालवायला शिकतेय. तिथल्या धावपट्टीला विमानांना सूचना देणारा टॉवर नाही. आपण कुठं आहोत ते वैमानिकांनीच एकमेकांना रेडिओवर सांगायचं.

"अब्बा, आज मी उतरताना समोरून दुसरं विमान उतरायला आलं. त्याचा रेडिओ भलत्याच चॅनलवर. मला दिसलं, म्हणून परत वर गेले."

दिसलं म्हणे! जणू शहागंजच्या बाजारात खाला दिसली.

माझी छाती मात्र फुगली. रिकाम्या रस्त्यावरही दहादा दोन्हीकडं बघते म्हणून मी हिला घाबरट म्हणायचो. घाबरट? त्याच नजरेनं दोन विमानं वाचवली.

हळूच म्हणालो, "घाबरट म्हणायचो, चुकलं माझं."

"आवाज नीट आला नाय, अब्बा. पुन्हा बोला."

पुन्हा बोललो.