सांगून गेला

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? बाबा खरंच फिरायला जातात, की नुसतं सांगतात?

पाळणाघरातलं काम बरं चाललंय. रोज सकाळी कुणी ना कुणी आई मुलाला खेळात गुंतवते आणि मागच्या मागे सटकते. मी तिला अडवते. म्हणते, "रडू दे त्याला, पण सांगून जा." काल एक म्हणाली, "तुम्हाला मूल नाही ना बाई, म्हणून सुचतं हे."

तूही तशीच जायचीस. मावशी मला खिडकीतला कावळा दाखवायची, तेवढ्यात तू कामावर. तुला दुसरा इलाज नव्हता, हे कळतं मला. पण अजूनही कुणी काही दाखवलं की मी आधी मागे वळून बघते.

तुझा जावई अंघोळीला गेला तरी मी दाराशी उभी राहायचे. ऑफिसात फोनवर फोन. तो हसायचा, "अगं, कामाला आलोय, पळून नाही गेलो." मग हसणं थांबलं.

रविवारी त्याने चहा केला, मला समोर बसवलं आणि वेगळं राहणार असल्याचं सांगितलं. "माझा जीव गुदमरतो गं," म्हणाला. माझं रडणं थांबेपर्यंत बसला आणि मग गेला.

सांगून गेलं की कमी दुखतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तसं नसतं, आई. तुझ्यावरचा राग आता कुठे ठेवू?

बाबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
चिमी