मास्तरच्या तक्त्यातले अकरा दिवस

रविवार, ९ मार्च

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळी मजेत असाल. आम्हीही मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला की माझी जीभ सुटते आणि मुद्दा राहतो बाजूला. माझा गुडघा दुखतो. पडदे धुतले. आपल्या भावाला, मास्तरला, परवा बेचाळीस पूर्ण झाली. दारातल्या चपला अजून आकाराप्रमाणे ओळीत लावतो, पाहुण्यांना आपल्या शोधाव्या लागतात.

दवाखाना बदललाय, ते तुला माहीत नसेल. जन्मापासून त्याची बुद्धी मंद, त्यात दोन वर्षांपूर्वी भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. आधी एक डॉक्टर म्हणायचे, याला मनाच्या डॉक्टरांकडे न्या. मनाचे डॉक्टर म्हणायचे, हा जन्मापासूनच असा, आम्ही काय करणार? नव्या डॉक्टरबाई दोन्ही एकत्र बघतात. त्यांनी एक तक्ता दिलाय. झोप किती, आवाज किती वेळा, कुणाला मारलं का, अशा रोज संध्याकाळी खुणा करायच्या. मी खूण केली की मास्तर शेजारी बसून गंभीरपणे मान हलवतो.

हे सगळं मी उगाच लांबवतेय. तू ओळखलं असशीलच.

जानेवारीत मी पार थकले होते. दवाखान्याच्या केंद्रात पंधरा दिवस ठेवून घेतात, पण त्रास वाढला तरच, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मी सलग अकरा दिवस ‘मारलं’च्या रकान्यात खुणा केल्या. कधी एक, कधी दोन. एका दिवशी तर तीन, कारण त्या दिवशी दूध उतू गेलं होतं. त्याने बोटसुद्धा उगारलं नव्हतं गं.

केंद्रात घेतलं नाहीच. गोळी वाढवली. त्याचे हात इतके थरथरायला लागले की चपलांची ओळ लागेना. तो जमिनीवर बसून रडायचा. तरी मी आठ दिवस गप्प बसले. याची मला अजून लाज वाटते.

शेवटी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, विश्रांती हवी होती तर सरळ सांगायचं. त्याला कशाला मारकुटा केलंत?” मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गोळी वाढवण्याआधी त्यांनी मास्तरला एकट्याला विचारलं होतं, “ताईला मारतोस का?” तो म्हणाला, “हो. अकरा दिवस.”

ताईने खूण केली म्हणजे मारलंच असणार. त्याला आठवत नव्हतं, तरी त्याने कबूल केलं.

गोळी कमी केली, थरथर थांबली. पण आता मी जवळ गेले की तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. मी दहादा सांगितलं, “तू नाही मारलंस, मी खोटं लिहिलं.” तो माझी समजूत घातल्यासारखा म्हणतो, “ताई खोटं नाही लिहीत.”

आता डॉक्टरबाईंच्याच सल्ल्याने गुरुवारी त्याला केंद्रातली खोली दाखवायची आहे. पाच दिवस तिथे, दोन दिवस घरी. तीन वर्षांपूर्वी तू हेच म्हणाली होतीस आणि मी तुला म्हटलं होतं, तुला भाऊ जड झालाय. शब्द मागे घेते. पण मारतो म्हणून त्याला पाठवतेय, असं त्याला वाटतंय. कालच पिशवी भरून दारात बसला होता. अशी शिक्षा मनात घेऊन तो तिथे गेला, तर मला जन्मभर घास उतरणार नाही.

माझ्यावरचा त्याचा विश्वास मलाच मोडता येत नाही. तुझं तो ऐकेल. लहानपणापासून तू त्याची चूक काढायचीस आणि तो लगेच मान्य करायचा. बुधवारपर्यंत ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. त्याच्या समोर बस, तो तक्ता हातात घे आणि ताईने चूक केली असं खडसावून सांग. मी शेजारी उभी राहीन आणि मान हलवीन.

मास्तरने जिला आयुष्यात एकदाही मारलेलं नाही, ती तुझी

ताई