परड्यातला कोळसा

कोडोली, ता. ८ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. निशा हिला आईचा जयभीम व गोड पापा. वि. वि.

व्हय गं बाई, कोळसाच पुरणार हाय मातीत. डोस्कं फिरलं न्हाय माझं! तुझ्या गुंडूमामानं कोळशाची भट्टी लावलेली तिथं वांगी बघ, कमरंएवढी आल्याती. म्हणून मीबी परड्यात खड्डा काढला, तुरकाट्या पेटवल्या आणि लाल झाल्यावर काल वरनं माती सारली. वारा लागला की राख हुती, माती सारली की कोळसा. आता तो कुटून शेणकाल्यात मुरवायचा, मग वाफ्यात. कोरडाच घातला तर मातीतलं सगळं तो आपणच खातोय म्हणं. जावईबापूंचा भाऊच की!

मी टुणटुणीत हाय. माया हाय तशीच ठेव.

तुझी आई, सोनूबाई

हातकणंगले, ता. १४ फेब्रुवारी १९९८

ती. आईस निशाचा जयभीम. वि. वि.

काल गुंडूमामा बाजाराला आलता. म्हणाला, मातीखाली विस्तव दिवसचे दिवस धुमसतो, वरून कळत नाही. आक्काला पाणी मारायला बजावलंय. मारलंस का? आणि तू लंगडत होतीस म्हणे. आई, मला लई भ्या वाटतंय. आण्णांच्या पायात काच घुसली तरी त्यांना कळली नव्हती. साखरेनं पाय बधिर झालेला, शेवटी काढावाच लागला. तुझी साखर तपासून घे म्हणून कवापासून सांगते, तू वांग्यांचंच लिहितेस.

आधी पायाचं कळव. रागावू नकोस, जीव तुझ्यात अडकलाय.

तुझी, निशा

कोडोली, ता. १८ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. निशा हिला आईचा जयभीम. वि. वि.

लंगडत न्हवते, ठुमकत हुते! तुझ्या मामाला बायका चालताना बघायची सवय जुनीच.

पाणी न्हाय मारलं. दोन हंडं आणायचा कटाळा केला. माती थंड दिसली म्हणून खड्डा उकरायला गेले, कड ढासळली. जरा चटका बसला, हळद लावलीया. तू कामंधामं टाकून पळत येऊ नगंस. वांगी आली की जावईबापूंना पयलं. लोभ हाय तो वाढू दे.

तुझी आई, सोनूबाई

पाकीट चिकटवलं हुतं, परत फोडलं. तुझ्या आण्णांच्या अंथरुणात पांघरूण जिथं सपाट पडायचं, तेच डोळ्याम्होरं येतंय. पोरी, ये तू. पाय घोट्यापातूर विस्तवात हुता. मला कायबी कळलं न्हाय. जळल्याचा वास आला, तवा खाली बघितलं.