अंथुर्ण्याचा विटांचा बंगला

अंथुर्णे, ता. ४ फेब्रुवारी १९९४

ती. सारजाताईस, चुलतभाऊ हिंदुरावाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, अंथरूण धरलंय. चार दिवस नुसत्या पेजेवर आहेत. डॉक्टर म्हणाले, लेकीला कळवा. साठ वर्षांत तू त्यांच्या बंगल्यात पाऊल टाकलं नाहीस, ठाऊक आहे. तरी ये. माझ्याशी भांडायला म्हणून का होईना, पण ये.

माया आटू देऊ नकोस.
तुझा हिंदुराव

मोरगाव, ता. ९ फेब्रुवारी

चि. हिंदुरावास अनेक आशीर्वाद.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. त्याच महिन्यात बापानं मला वडगावला मावशीकडं टाकलं आन् मळ्यात साहेबावाणी बंगला बांधला. माझ्या लग्नातही लांबूनच अक्षता टाकून गेला. मी येणार न्हाय. तू मात्र वेळेवर जेवत जा, तुझी पित्ताची खोड मला माहीत हाय.

तुझ्यावर राग न्हाय, हे ध्यानात ठेव.
ताई

अंथुर्णे, ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पूर्वी मळ्यात दूध पोचवणारी गोजरबाई काल आप्पांना बघायला आली. ती म्हणाली, सारजाची आई म्हाळसाबाई तवा मेलीच न्हवती. तुझ्या आईला महारोग झाला होता. गावानं तिला बाहेर काढायला लावलं. गवंडी येईनात, म्हणून आप्पांनीच विटांची भट्टी लावली आणि एकट्यानं भिंती रचल्या. काकू तिथं अकरा वर्षं जगल्या. आप्पा त्यांच्या जखमा धुवायचे, घास भरवायचे. खरं कळलं असतं तर तुझं लग्न जमलं नसतं, म्हणून वडगावात ती मेल्याचं उठवलं आणि इथं गावानंही ते झाकून ठेवलं. ताई, मिळेल ती एस्टी धर.

वाट बघतोय.
हिंदुराव

मोरगाव, ता. १ मार्च

चि. हिंदुरावास आशीर्वाद.

दहाव्याला तू विचारलंस, आप्पा गेले त्या दिवशी मी दारातच का बसून होते. तवा सांगायला जमलं न्हाय, म्हणून लिहिते.

तू डॉक्टरांना आणायला गेला होतास. मी दारातनं हाक मारली. आप्पांनी डोळे उघडले, मला ओळखलं आन् हात आडवा केला. म्हणाले, सारजे, आत येऊ नगंस, तितनंच बघ. तुझी आई आत्ताच झोपलीया. उठली तर तुला जवळ घ्यायला रडंल.

मी व्हय म्हणाले आन् खाली बसले. ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचा श्वास थांबला, तरी मला उठता आलं न्हाय. त्यांचं न ऐकता आत जायला पायजे होतं का रे?

जपून राहा. आता मला माहेरी तूच.
सारजाताई