मामाचा दगड

२५ ऑक्टोबर
गावाहून परत आलो. चेन्नई तशीच. घाम तसाच. हॉटेलातली माणसंही तशीच, म्हणजे बिनकामाची.

दिवाळीला परमशिवन मामांकडे गेलो होतो, पेचीबद्दल बोलायला. मामाची मुलगी म्हणजे माझा हक्कच. विचारायचं ते नुसतं रीत म्हणून. मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालपासून वर पाहिलं, आणि दोन्ही वेळा मधे बराच वेळ थांबले. म्हणाले, "इसक्की, आपल्याकडची जुनी पद्धत ठाऊक आहे ना? अम्मन देवळापुढचा दगड. जो खांद्यावरून मागे टाकील त्याला मुलगी. पोंगलच्या सणाला उचल, मग बसून बोलू." आत मामी हसल्या. आनंद झाला असणार.

दगड मी लहानपणापासून बघतोय. गोल, गुळगुळीत, दोन कलिंगडांएवढा. आमच्या आजोबांनी उचलला होता म्हणे. आजोबा काय खायचे? पेज आणि कांदा. मी परोटा मास्टर आहे. रोज मैद्याचा डोंगर तिंबतो. दगड म्हणजे काय, नीट न भिजलेला मैदा.

२६ ऑक्टोबर
मेडिकलच्या दुकानात वजन केलं. अठ्ठ्याण्णव. मेडिकलवाला म्हणाला, "एका वेळी एकानेच उभं राहायचं." शिकलेल्या लोकांचे विनोद असे असतात. तिथून आता डोकेदुखीची गोळीसुद्धा घेणार नाही.

पेचीला फोन केला. ती नागरकोविलला नर्सिंग शिकते. म्हणाली, "अत्तान, एकदम काही करू नका. हळूहळू करा. आधी एक परोटा कमी, मग थोडं चालणं, मग थोडं वजन उचलणं. सवय बदलली की शरीर बदलतं."

अत्तान म्हणाली. मामाची मुलगी हा शब्द ज्याला म्हणते त्याच्याशीच तिचं लग्न होतं. दगड वगैरे नंतर. निकाल लागलाच आहे.

२८ ऑक्टोबर
एक परोटा कमी करायचा तर आधी मोजायला हवेत. आजपर्यंत कधी मोजले नाहीत, गरीब माणसं मोजतात. म्हणून आज मोजण्यासाठी मुद्दाम पोटभर खाल्ले. चौदा. बरोबर सालना. हा रस्सा हिशेबात धरत नाही मी, तो पातळ असतो.

उद्यापासून तेरा. फरक आत्ताच जाणवतोय.

२ नोव्हेंबर
जिम बघून आलो. तिथला मास्तर म्हणजे एक पोरगं, बनियन घालायचं विसरून बहिणीचा ब्लाउज घालून आल्यासारखं. मला म्हणतो, "ब्रो, ट्रेडमिलपासून सुरू करू." पट्ट्यावर चढून जागच्या जागी पळायचं आणि त्याचे पैसे आपण द्यायचे. आमच्याकडे घाण्याचा बैलसुद्धा निदान गोल फिरतो आणि तेल काढतो. तिथे पाच-सहा माणसं घामाघूम होऊन भिंतीकडे पळत होती. भिंत आली नाही.

मला जिमची गरज नाही. हळूहळू, असं पेचीनेच सांगितलंय. जिम म्हणजे एकदम.

९ नोव्हेंबर
वजन उचलणं सुरू. दुरैपांडी आमचा चहावाला. मदुरैचा. अंगावर इतकं कमी मांस की कावळासुद्धा बसायचा नाही. त्याला म्हटलं, दगडाचा सराव करायचाय, तू दगड हो. म्हणाला, "माप्पिळै, नवरदेवा, तू मला उचलणार? आधी लुंगीची गाठ तर दिसू दे पोटाखालून." तरी उभा राहिला. गुडघ्यापर्यंत आणला, छातीपर्यंत आणला, तेवढ्यात हा गुदगुल्या झाल्या म्हणून हसायला लागला. दगड हसत नाही. हातातून सुटला, चहाच्या भांड्यावर पडला. गिऱ्हाइकं शिव्या देत उठली.

आमचे मालक, सगळे त्यांना 'अण्णाची' म्हणतात, माझ्याच जिल्ह्याचे, पण कदर शून्य. म्हणाले, "अरे, लग्न करायचंय की सर्कस काढायचीय?" चूक दुरैपांडीची, बोलणी मला. सराव थांबवला. योग्य वजनाचा माणूस मिळेपर्यंत.

१७ नोव्हेंबर
पाऊस. वादळ येतंय म्हणतात. चालणं पुढे ढकललं.

परोटे तेरावर आणणार होतो, पण पावसात गिऱ्हाईक कमी आणि मैदा तिंबलेला. वाया घालवायचा का? अन्न टाकणं पाप. सतरा.

१९ नोव्हेंबर
वादळ आलंच नाही. हवामान खात्यावर कोण विश्वास ठेवणार. पण एकदा पुढे ढकललेलं पुन्हा मागे आणता येत नाही.

३० नोव्हेंबर
लुंगी ही मोठी वस्तू आहे. पँटवाले बिचारे रोज हुक लावताना रडतात. लुंगीला माप नसतं, माणूस वाढो नाहीतर कमी होवो, ती बोलत नाही. आज गाठ मारली तर वीतभर कापड जास्त उरलं. म्हणजे कंबर उतरली. दुरैपांडी म्हणाला, "ती माझी लुंगी आहे, लांबीला मोठी. परत कर." जळतोय.

४ डिसेंबर
पेचीला फोन. तिला सांगितलं, सगळं हळूहळू चाललंय. म्हणाली, "बरं. करत राहा, अण्णा. ड्यूटी आहे, ठेवते."

अण्णा म्हणाली. म्हणजे थोरला भाऊ.

आधी ऐकू नीट आलं नाही असं वाटलं. पण आलं होतं. मग लक्षात आलं. नर्सिंगवाल्या पोरी दिवसभर पेशंटला अण्णा, अण्णा करतात. तोंडात बसतो शब्द. सवय बदलली की शरीर बदलतं, तिनेच सांगितलंय. तिची सवय बदललीय, एवढंच. आपण मनावर घ्यायचं नाही.

दुरैपांडीला सहज सांगितलं. त्याने गाळणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. याच्यासारख्याला नात्यातलं काय कळणार.

१६ डिसेंबर, पहाटे
मार्गळी महिना लागला. पहाटे चारला देवळांचे भोंगे सुरू. सगळी गल्ली उठते, बायका रांगोळ्या काढतात, मी का झोपू? उठलो. पळालो. होय, पळालो. पेरुमाळच्या देवळापर्यंत. मार्गळीत पहाटे तिथे प्रसाद वाटतात, तूप आणि मिरी घातलेला गरम पोंगल, म्हणजे डाळ-तांदळाची खिचडी, द्रोणभर. घेतला. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. परत येताना चाललो, कारण भरल्या पोटी पळू नये, हे डॉक्टरही सांगतात.

आयुष्यात प्रथम पहाटे व्यायाम केला. गावातले लोक आत्ता घोरत असतील.

१७ डिसेंबर
पुजारी ओळखायला लागला. दोन द्रोण. म्हणाला, "रोज ये, तंबी, असे भक्त हल्ली कुठे राहिलेत."

२४ डिसेंबर
हळूहळू वाढवायचं, हेच शास्त्र. म्हणून आजपासून पिल्लैयारच्या देवळापर्यंत. अंतर दुप्पट. तिथे गोड पोंगल असतो, गूळ-काजूचा. पेरुमाळवर अन्याय नको म्हणून वाटेत तोही घेतला.

तिथे एक सुटाबुटातला म्हातारा रोज चालायला येतो, कानात वायर, हातात घड्याळ. प्रसादाकडे बघतसुद्धा नाही. नुसता चालतो. देवळाभोवती फिरून देवाकडे न बघणारा माणूस. असल्यांचं वजन उतरून उपयोग काय?

१ जानेवारी
तिसरं देऊळ. अम्मनचं. पार रेल्वे फाटकापलीकडे. दीड तास घराबाहेर! दुरैपांडी म्हणाला, "पळायला जातोस की जेवायला?" मी म्हटलं, तू एक देऊळ तरी चालून दाखव.

आज नवं वर्ष म्हणून वजन केलं. दुसऱ्या मेडिकलमध्ये. एकशे तीन.

हे व्हायचंच होतं. चरबी हलकी, स्नायू जड. ज्याला माहीत नाही तो घाबरला असता.

८ जानेवारी
मामांना फोन केला, येतोय म्हणून सांगितलं. म्हणाले, "ये ये. घरात कार्यही आहे, तू असलास तर बरं." कसलं कार्य ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मोठी माणसं आधी तोंडाने बोलत नाहीत. दगड मागे पडला की तिथेच सुपारी फोडायची, असा बेत दिसतोय. सिल्कचा शर्ट घेतला. खांद्यावर थोडा तंग आहे, म्हणजे खांदे भरलेत. पोटावरही तंग आहे, पण तो शिंप्याचा दोष.

१४ जानेवारी
गावी पोचलो. स्टेशनवर कोणी आलं नव्हतं. बैलांना धुण्यात गुंतले असतील. माणसापेक्षा बैल मोठा, असलं आमचं गाव.

पेची मामांच्या ओसरीवर दिसली. बारीक झालीय. मला बघून आत गेली. लाजली.

१६ जानेवारी
आज दगड.

अख्खं गाव जमलेलं. मैदानात माईक. माईकवर सहकारी सोसायटीचा तो तोंडाळ कारकून.

आधी माडावर चढणारा सुयंबू आला. हा हडकुळा, अंगावर फक्त गमछा. हात मातीत चोळले, खाली बसला, दगड गुडघ्यावर, पोटावर, छातीवर, खांद्यावर, मागे धप्प. मग पाणी प्यायला गेला, जणू घागर ठेवून आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. यात काही विशेष नाही. हलक्या माणसाला फक्त दगड उचलावा लागतो. मला आधी मला उचलावं लागतं.

मग माझं नाव. मी शर्ट काढला. वाकलो. वाकायला वेळ लागला, मधे पोट होतं. दगडाला दोन्ही हात घातले.

माईकवर कारकून: "चेन्नईहून आलेले परोटा मास्टर इसक्कीमुत्तू! दगडाला मिठी मारलेली आहे... मिठी घट्ट आहे... अजून मिठीच चालू आहे... अहो मास्टर, तो तुमचा मामा नाही, सोडा त्याला!"

दगड हलला. मी सांगतो, हलला. डावीकडे एक बोटभर. बाजूच्या म्हाताऱ्याने पाहिलं, पण तो म्हणाला, दगड नाही, तूच हललास.

मग खाली बसलो. उठता येईना, दोघांनी उठवलं.

१६ जानेवारी, संध्याकाळ
पेची पाणी घेऊन आली. म्हणाली, "कमरेत लचक भरली का? पाय ताणून बसा." मग विचारलं, "मी सांगितलं होतं तसं चालायचात का?" मी म्हटलं, रोज. तीन देवळं. "आणि तिथे?" प्रसाद. "तिन्ही ठिकाणी?" मग देवाला काय, एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायचं?

ती हसली. इतकी हसली की माझ्या शेजारी जमिनीवरच बसली. मला वाटलं, आता सगळं जुळतंय. मग डोळे पुसून म्हणाली, "अण्णा, तुम्ही खरंच केलं असतंत ना, तर मला बरं वाटलं असतं. तब्येतीसाठी." आणि उठून गेली.

इथे ना कुणी पेशंट होता, ना ड्यूटी.

मग मामा आले. पानसुपारीचं तबक घेऊन. मी सावरून बसलो. म्हणाले, "परवा साखरपुडा आहे. तेनकाशीचा मुलगा, वीज मंडळात. तू थांब, घरचा माणूस आहेस."

त्याचा फोटो दाखवला. अरे, तो माझ्यापेक्षा जाड! हनुवट्या दोन. अंगठीसुद्धा मांसात रुतलेली. मी विचारलं, "मामा, याने दगड उचलला?"

मामा म्हणाले, "त्याला कशाला दगड? त्याला नाही म्हणायचं नव्हतं रे मला."

१८ जानेवारी
सकाळच्या गाडीने निघणार होतो. गाडी चुकवली. कंबर धरली होती, दुसरं काही कारण नाही.

मांडवाच्या मागे वळ्ळियूरहून आलेला आचारी परोटा लाटत होता. लाटत! लाटण्याने! परोटा काय चपाती आहे? पदर नाही, हवा नाही, तव्यावर पडला की पुठ्ठा. तेनकाशीवाल्यांना काय, ते काहीही गिळतील. पण पेचीच्या साखरपुड्याला असला परोटा? त्याला बाजूला केलं. तो म्हणाला, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, घरचा माणूस.

मैदा संपत आला होता. उरलेला बाहेर टेम्पोत, उतरवायला कोणी नाही. सगळे पुढे, अंगठी घालताना बघायला. वाजंत्री सुरू झाली.

गोणी धरली. गुडघ्यावर घेतली, पोटावर, छातीवर, खांद्यावर. चुलीपाशी नेऊन खांद्यावरून मागे टाकली. धप्प.

वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

मैदा तिंबायला बसलो.