यादीतलं तुझं नाव

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी तुलाच लिहितो आहे, कारण भीती वाटते. आपल्या वरच्या खोलीत कॉलेजचे एक तरुण प्रोफेसर भाड्याने राहतात. मदन महलच्या टेकडीवरच्या औषधी झाडांवर ते लेख लिहीत आहेत. कोणती गोष्ट कुठल्या पुस्तकातून घेतली, त्याची यादी लेखाच्या शेवटी जोडावी लागते म्हणे. अडलेल्या बाळंतिणीसाठी तू कळलावीचा कंद उगाळायचीस, हे मी त्यांना सांगून बसलो. "लावायचा की पाजायचा?" त्यांनी विचारलं. टाक बुडवून ते थांबले होते. मी म्हटलं, पाजायचा. पुस्तक नाही म्हणून त्यांनी यादीत तुझं नाव घातलं आणि वाचून दाखवलं. मोठमोठ्या साहेबांच्या मध्ये तू. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

मग एकेक आठवू लागलं. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर मी कंद उगाळतो आहे, बोट तोंडाशी नेतो, आणि तू हातावर फुंकणी मारतेस. "मेल्या, काहून तोंडात घालून राहिला?" विहिरीवर नेऊन माझा हात चोळचोळून धुतेस. आई, विष म्हणून मारलंस, की औषध उष्टं होईल म्हणून? शेजारी दुसरीही वाटी होती. तिच्यात काय होतं? कुणी हे वाचून आपल्या लेकीला पाजलं तर?

आज सकाळी वर गेलो. म्हटलं, आईचं नाव काढा.

"काहून काका? लोक पेढे वाटतात, तुम्ही रडून राहिले."

"काढा जी."

"नाव काढलं तर औषधही काढावं लागते. सांगणाराच नसला तर मी कोणाच्या भरवशावर लिहू?"

"दोन्ही काढा. घरच्या बाईचं नाव परक्यांत नको."

त्यांना ते पटलं. त्यांनी दोन्हीकडे रेघ मारली. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली, भिंतीला हात लावत. तिला नववा लागला आहे. "औषध तर ध्यानात राहिलं," ते तिच्याकडे पाहून हसले, "कागदावर नसलं तरी."

मी चहा पिऊन खाली आलो. लावायचा की पाजायचा, मला आठवत नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि तेवढंच तोंडातून निघालं नाही. आता हे अर्धवट ठेवून पुन्हा जिना चढतो.