पुसदच्या सडकेवरची पात

माय, काल मी पळाली. कोणाच्या मागं, असं तू विचारशील. कोणाच्याच मागं नाही. पुसदच्या सडकेवर, थंडीत, त्या एवढ्या घोळक्यात. लुगड्याचा काष्टा मारला, वरून शर्यतवाल्यांनी दिलेली पिवळी बनियन घातली, पोटावर नंबराचा कागद टाचला, नातीचे जुने बूट चढवले अन् पळाली. दम्यासकट. तू असती तर आधी चप्पल काढली असती अन् मग विचारलं असतं. पण तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. म्हणून या वेळी तू गप बसायचं अन् मी सांगायचं.

चौथीत असताना शाळेच्या पटांगणावर मी शर्यतीत उतरली होती, आठवते ना? अर्ध्यातच छाती बंद झाली, अन् मास्तरांनी मले खांद्यावर टाकून घरी आणलं. तू भाकरी थापत होती. हात धुवायले थांबली नाही, पिठाच्या हातानंच पाठ चोळत बसली. श्वास जरा मोकळा झाला तशी त्याच हातानं एक ठेवून दिली. "पुन्हा पळशील तर तंगडं तोडून हातात देईन," म्हणाली. गालावरचं पीठ तसंच घेऊन मी झोपली. तेव्हापासून कधी पळाली नाही. एसटी सुटत असली तरी चालतच गेली. लोक म्हणत, या बाईले कशाची घाईच नाही. घाई होती, हवा नव्हती.

पण कापसात तू मले मागं सोडलं नाही. वेचायले उभं राहिलं की प्रत्येकीची एक पात, म्हणजे तिची एक ओळ. कापूस टाकायले कमरेले ओटी बांधायची अन् वेचत वेचत समोरच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जायचं. मी नेहमीची मागं. धूळ नाकात गेली की छातीत सूं सूं सुरू. बाया टोमणे मारत, तुही पोरगी कापूस वेचते का त्याले निजवते? तू मान वर न करता म्हणायची, "तू तुही पात पाह्य. तिची मी पाहीन." अन् तुझी पात धुऱ्याले लागली की तू फिरायची, माझ्या पातीच्या त्या टोकापासून माझ्याकडं वेचत यायची. रीतच होती ती. मागं राहिलेल्या बाईले घ्यायले कोणीतरी उलटं यायचंच, तिले एकटीले पातीत ठेवून धुऱ्यावर कोणी पाणी पीत नसे. मी मान वर केली की समोरून तुझ्या डोक्यावरचं फडकं जवळ जवळ येताना दिसायचं. मग मले दम धरता यायचा.

आता रोज सकाळी मी नातीसोबत सडकेनं फिरते. तिनंच माझं नाव शर्यतीत टाकलं. छातीचा डॉक्टर म्हणाला, जा आजी, पण रोजचं औषध चुकवू नका, निघायच्या आधी निळा पंप घ्या, अन् दम लागला तर थांबा, लाज धरू नका. पंप म्हणजे तोंडात दाबून ओढायचं औषध. तुझ्या वेळी असतं तर त्या दिवशीची भाकर करपली नसती. पोरगा मात्र भडकला. बापावर गेला आहे, भीती वाटली की ओरडतो. "आई, तिथं सडकेवर बसायची पाळी आली ना, तर फाटकाच्या बाहेर पाय टाकायचा नाही. सकाळचं फिरणंही बंद." मी बरं म्हटलं. घरात बसून भिंती मोजायच्या म्हणजे दम्याशिवायही जीव जातो, हे त्याले कोण सांगणार?

तर भोंगा वाजतो, अन् लोक असे सुटतात जसा मागं वाघ लागला. कोणाचं कोपर, कोणाचा पाय, अन् बाजूच्या एकीनं इतकं सेंट फासलेलं की छाती जागीच आवळते. नात "येते ग आजी" म्हणून भुर्रकन पुढं. मी सडकेच्या काठानं, आपली पात धरून. थोडी पळते, थोडी चालते. पुलाच्या चढावर छातीत शिट्टी वाजली. थांबली. काठावर बसली. कमरेच्या पिशवीतून पंप काढला, ओढला, अन् ओठ आवळून फुंकणी फुंकल्यासारखा श्वास हळू हळू सोडत राहिली. छातीवर शर्यतवाल्यांचा बिल्ला लावलेली एक बाई धावत आली, आजी, गाडीत बसा, आम्ही सोडून देतो. मी म्हटलं, गाडीतच बसायचं असतं तर घरून ऑटो केला असता. श्वास परत आला तशी उठली.

शेवटच्या कमानीपाशी पोचली तर दोरीपलीकडं पोरगा उभा. मले पाहून खुश व्हायचं सोडून विचारते, "पोरगी कुठं आहे?" मी वळून पाहिलं. गर्दीत मी तिच्या पुढं कधी निघाली कळलंच नव्हतं. बरीच मागं, कमरेले हात लावून लंगडत येऊन राह्यली होती. सुरुवातीलेच जीव खाऊन पळाली, दुसरं काय होणार! कमान चार हातांवर होती, पण पाय आपलेच फिरले. बिल्ल्याची दुसरी बाई ओरडली, आजी, तिकडं नाही, इकडं संपते. मी म्हटलं, पोरगी पातीत राह्यली ना बाई. तिले काय समजणार. पोराले वाटलं, आईचं डोकं फिरलं. तो दोरीच्या पलीकडून माझ्या बरोबरीनं पळायले लागला, अन् माझ्याआधी त्यालेच धाप लागली.

नात म्हणाली, "आजी, तू कायले आली वापस? तुही शर्यत गेली ना!"

"शर्यत कुठं जाते? कमान काय कोणी उचलून नेते?"

दोघी हात धरून कमानीखालून निघालो. कोणी कोणाले धरलं होतं ते पोराले शेवटपर्यंत कळलं नाही. दोघींच्या गळ्यात पदकं घातली. मग मी स्वतःच त्याले सांगितलं, "पुलावर बसली होती. पंप घेतला. मग उठली." आज सकाळी मफलर घेऊन फाटकापाशी तोच उभा. पुलाच्या पुढं जाऊ नको, म्हणे. मी म्हटलं, पाहू.

तुले वाचता येत नव्हतं, म्हणून हे पाठवायचा प्रश्नच नाही. पोराले दाखवलं तर डोळे पुसत बसेल, मले ते जमत नाही. घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते.

एक मात्र राहिलं. पुलावर बसली होती तेव्हा सगळे लोक मले पाठ करून पुढं चालले होते. त्या पाठींमधून मी समोर पाहत होती, तुझं फडकं येताना दिसते काय म्हणून. एवढ्या वयाची बाई, मग माझीच मले लाज वाटली अन् उठली. पण पाहिलं होतं, माय.